झवेरी बाजार ते मिंट रोड, व्हाया खाऊ गल्ली

शनिवारी मरीन लाइन्सला उतरा आणि गर्दी नेईल तिकडे चला, झवेरी बाजार येतोच. (रविवारी बहुतेक पेढ्या बंद.) मुंबादेवीचं दर्शन, खाऊ गल्लीत गरमागरम भजी आणि मग काचेआडच्या बांगड्या बघत टाइमपास. आपल्या पगारात तेवढंच परवडतं!

इथलं सोनं दिसतं, पैसा दिसत नाही. साध्या पिशव्या घेऊन गर्दीतून सटकणारे आंगडिये हिरे आणि रोकड निव्वळ शब्दावर पोचवतात. त्याच शब्दाचा बेकायदा भाऊ म्हणजे हवाला. दुबईत कुणी दिरहम मोजायचे, इथे त्याच्या माणसानं दहाच्या नोटेचा नंबर दाखवून रुपये उचलायचे. पैसा सरहद्द ओलांडत नाही, कागद उरत नाही. आखातातून घरी पैसे धाडणाऱ्या साध्या कामगारांनीही हीच वाट धरली. पण बाँब ठेवणाऱ्यालाही गाडी लागते, भाड्याची खोली लागते आणि असली वाट त्याच्याही सोयीची. हा बाजार तीनदा हादरलाय : १२ मार्च १९९३, २५ ऑगस्ट २००३, १३ जुलै २०११. शेवटचा स्फोट तर या खाऊ गल्लीतच झाला.

एका पेढीवरच्या काकांकडे विषय काढला. दोन लाखांवरच्या खरेदीला २०१६ पासून पॅन लागतो, आणि दहा लाख किंवा त्याहून जास्त रोकड घेणारे सराफ डिसेंबर २०२० पासून मनी लॉण्डरिंगविरोधी कायद्याखाली आलेत. ''तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक, त्याला विचारायचं तू कोण?'' काका वैतागले. चहा मात्र मागवला.

तिथून क्रॉफर्ड मार्केट, सीएसएमटी करत मिंट रोडला चालत अर्धा तास. टांकसाळीशेजारी रिझर्व्ह बँकेचा उंच टॉवर. ''तू कोण?'' हा प्रश्न बँकांना विचारायला लावला तो याच रिझर्व्ह बँकेनं, २००२ च्या केवायसी सूचनांनी. आपण शिव्या घालतो तोच फॉर्म! कायदा १ जुलै २००५ पासून लागू झाला. दहा लाखांवरच्या रोखीची खबर बँक दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला देते. साडेनऊ लाखांचे तुकडे करून भरले तरी एकमेकांशी जोडलेले महिन्याभरातले व्यवहार एकत्र मोजतात. संशयास्पद व्यवहाराला तर किमान रकमेची अटच नाही, आणि ग्राहकाला त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही, हाही नियमच.

मला विचाराल तर काकांचा राग खोटा नाही. रांगेत सरळ माणूसच जास्त उभा राहतो. एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटानं २०२४ च्या अहवालात भारताच्या नियमांना चांगले मार्क दिले, पण खटले निकालात निघायला फार वेळ लागतो, हेही सुनावलं. म्हणजे काउंटरवरचा क्लार्क आपलं काम करतोय. ''मॅडम, पॅनची झेरॉक्स राहिली,'' म्हणतो, हसतो आणि पुढच्याला बोलावतो. त्याच्या संगणकातून काल दिल्लीला काय गेलं, ते तो कुणालाच सांगणार नाही.