मोळी, करवत आणि बर्फातली वाट

स्कीइंग हा शब्द आपल्या वस्त्यांमधून क्वचितच ऐकू येतो. पायांना दोन लांब, अरुंद पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचे, असा हा खेळ. सिनेमात आपण तो पाहिलेला असतो. बहुतेक ठिकाणी तिकीट काढून यंत्राच्या पाळण्यातून वर जातात. परंतु याच खेळाचा दुसरा एक प्रकार आहे. त्यात पाळणा नाही, तिकीट नाही. पट्टीच्या तळाला एक केसाळ पट्टा चिकटवतात. त्याचे केस एकाच दिशेने झुकलेले असल्याने पाऊल पुढे सरकते, मागे घसरत नाही. अशा रीतीने आपल्याच पायांनी डोंगर चढायचा आणि जंगलात मोकळ्या केलेल्या जागेतून उतरायचे. हे जंगल मोकळे कोण करतो, यावरून आमच्या घरात वाद झाला, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत बोस्टनजवळ नोकरीला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अर्जित रजा काढून मी महिनाभर त्याच्याकडे राहिलो. पुतणी तिथेच कॉलेजात शिकते. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "शनिवारी आमचा गट न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात उतार साफ करायला जाणार आहे. करवत, कात्र्या तिथंच मिळतात."

भावाचा हात ताटातच थांबला. आमची माय चंद्रपूरकडच्या जंगलातून डोक्यावर मोळी आणून बाजारात विकायची. कधी गार्डाची भीती, कधी जनावराची. त्या पैशांतून आमच्या वह्या-पुस्तके आली. भाऊ म्हणाला, "मायनं मोळ्या वाहिल्या त्या काय नातीनं पुन्हा करवत धरावी म्हणून? आणि तेही फुकट?"

पुतणी शांतपणे म्हणाली, "बाबा, आजीला जावं लागत होतं. मी माझ्या मनानं जातेय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मोठे बाबा, तुम्ही चला. बघा तरी."

मी गेलो. व्हाइट माउंटन नावाचा तो डोंगराळ भाग. आज तिथे दाट झाडी दिसते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकूड कंपन्यांनी हे डोंगर उघडेबोडके केले होते. तोडीनंतर पडून राहिलेल्या फांद्यांना आगी लागल्या. १९०३ साली तर मोठे वणवे पेटले. लोकांनी आवाज उठवला, १९११ साली वीक्स कायदा झाला आणि सरकार खाजगी जमिनी विकत घेऊ लागले. १९१८ साली व्हाइट माउंटन राष्ट्रीय वन स्थापन झाले. म्हणजे आजचे हे जंगल सार्वजनिक पैशातून परत मिळवलेले आहे.

अशा जंगलात करवत चालवायची तर नियम पाळावेच लागतात. उतार सरसकट तोडला तर पहिले काही हिवाळे मोकळे मिळतात. पुढे बर्च, फर आणि रासबेरीच्या काटेरी झुडपांची अशी गर्दी होते की माणूस शिरू शकत नाही. पातळ बर्फाखाली बुंधे लपतात, पाय मोडतात. शिवाय झाडे बर्फ धरून ठेवतात. चढ उभा असेल आणि झाडे गेली, तर बर्फाचा कडा कोसळण्याचा धोका वाढतो. म्हणून मोठी झाडे राखायची. खालची झुडपे, दाटीची रोपे आणि आडव्या फांद्या तेवढ्या काढायच्या. मोठ्या झाडांच्या सावलीत बर्फही टिकतो. अशा विरळ केलेल्या जागेला तिथे 'ग्लेड' म्हणतात. कुठे आणि किती कापायचे हे वन खात्याच्या परवानगीनेच ठरते. ग्रॅनाइट बॅककंट्री अलायन्स ही न्यू हॅम्पशायरमधील संस्था २०१६ पासून स्वयंसेवकांच्या बळावर असेच काम करते.

ज्यांनी परवानगी घेतली नाही, त्यांचीही गोष्ट ऐकली. शेजारच्या व्हरमाँट राज्यात बिग जे नावाचा डोंगर आहे. २००७ साली दोघांनी तिथल्या सरकारी जंगलात आपल्या घसरणीसाठी शेकडो झाडे तोडली. त्यांच्यावर खटला झाला. सर्वांच्या मालकीची वस्तू आपल्या मौजेसाठी ओरबाडणारे सगळ्या देशांत सापडतात.

या भागातल्या जुन्या बर्फवाटांचा इतिहास मला अधिक महत्त्वाचा वाटला. १९३३ साली अमेरिकेत दर चार कामगारांपैकी जवळपास एक बेकार होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कॉर्प्स' ही योजना काढली. तरुणांनी छावणीत राहायचे, जंगलात काम करायचे. महिन्याला ३० डॉलर मजुरी, त्यातले बहुतेकांचे २५ डॉलर थेट घरी. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुणांनी हे काम केले. वॉशिंग्टन पर्वतावरची शेरबर्न वाट १९३४ साली याच पोरांनी काढली. आजही तिच्यावरून लोक उतरतात.

या योजनेच्या कायद्यात वंश, वर्ण, पंथ यांवरून भेद करू नये, असे कलम होते. शिकागोचे कृष्णवर्णीय संसद सदस्य ऑस्कर डी प्रीस्ट यांनी ते घालायला लावले. तरीही १९३५ साली योजनेचे संचालक रॉबर्ट फेक्नर यांनी काळ्या तरुणांच्या छावण्या वेगळ्या काढण्याचा आदेश दिला. कागदावर समता आणि पंगत वेगळी! हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. दोन लाखांहून अधिक काळ्या तरुणांनी या योजनेत घाम गाळला. स्त्रियांना तर तिथे प्रवेशच नव्हता.

त्या शनिवारी पुतणीने आणि मी दिवसभर फांद्या कापल्या. आमच्या रंगाचे तिथे आम्ही दोघेच होतो. स्कीचे सामान महाग, डोंगरापर्यंत स्वतःची गाडी हवी. त्यामुळे हा खेळ अजून खाऊन-पिऊन सुखी घरांचाच आहे, हे उघड दिसत होते.

परत आल्यावर मायला फोटो दाखवले. तिने चष्मा पुसून नीट पाहिले आणि विचारले, "एवढं कापलं, मंग मोळी कोनं नेली?" मी सांगितले, कोणी नाही, फांद्या तिथेच पसरून ठेवतात, कुजून त्यांची माती होते. ती म्हणाली, "जंगलाचं जंगलात राह्यलं. बरं झालं."

मी कॉमर्स शिकलेला, जमाखर्च मांडणारा माणूस. श्रमाचा हिशेब करताना मी आता तीन प्रश्न विचारतो. कामाला जायचे की नाही, हे कोण ठरवते? फळ कोणाच्या पदरात पडते? आणि वाट तयार झाल्यावर तिच्यावर पाऊल टाकण्याचा हक्क कोणाला? मायच्या वेळी पहिले उत्तर भूक होते, दुसरे व्यापारी, आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत ती कधी पोचलीच नाही. तिची नात तिन्ही प्रश्नांना "मी" म्हणू शकते. करवत दोघींच्या हातात शोभते, पण फरक इथे आहे. आपल्या मुलामुलींना श्रमाची लाज शिकवू नका. हे तीन प्रश्न मात्र अवश्य शिकवा.

फेब्रुवारीत बर्फ भरपूर पडला. भावाने वाद पुढे वाढवला नाही. एका रविवारी पहाटे उठून त्यानेच मुलीला गाडीने डोंगराच्या पायथ्याशी सोडले, आणि ती उतरून येईपर्यंत थंडीत उभा राहिला.