दैत्यसूदनाचं शिखर

लोणारला आलेला माणूस आधी विवराच्या काठावर जातो. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा, काळ्या पाषाणात उल्केच्या आघाताने पडलेला तो खड्डा समोर आला की नजर खाली खाली उतरत तळ्याच्या खाऱ्या पाण्यापर्यंत जाते. मला मात्र उंचीचा विचार करायला याच गावाने शिकवलं. घरांच्या दाटीत उभ्या असलेल्या दैत्यसूदनाच्या मंदिराने.

मंदिर चालुक्यकाळातलं मानतात. सुमारे 105 फूट लांब, 84 फूट रुंद. आज त्यावर शिखर नाही. पण घडवणाऱ्यांच्या मनात ते होतं, असं रचनेवरून अभ्यासकांना वाटतं. मलाही वाटतं, आणि त्याचं कारण भिंती. गाभाऱ्याची भिंत सरळ जातच नाही. कोन बाहेर येतो, आत वळतो, पुन्हा बाहेर येतो. आराखडा चांदणीसारखा होतो. जोत्यापाशी सुरू झालेली प्रत्येक कड देवकोष्ठांच्या, मूर्तींच्या बाजूने वर चढत जाते. सकाळचं तिरपं ऊन पडलं की या कडांच्या सावल्या उभ्या रेषा ओढतात, आणि त्या रेषांच्या ओढीने मान वर होते. मग एकदम आकाश. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराला असेच कोन थेट शिखरात चढलेले दिसतात. तिथे उभं राहून मी लोणारची राहिलेली उंची मनात पुरी करत आलो आहे.

उंचीचा विचार आला की गगनचुंबी इमारतीही आठवतात. त्यांचा इतिहास सांगताना शिकागोची होम इन्शुरन्स इमारत पहिली येते. 1885 सालची, दहा मजली. धातूच्या सांगाड्याने बराचसा भार उचलला आणि भिंत मोकळी होऊ लागली. पण त्याच शहरात 1891 साली मोनाडनॉक इमारतीचा सोळा मजल्यांचा जुना भाग विटांच्या भिंतींवर उभा राहिला. वरचा भार पेलायला तळाशी भिंत सुमारे सहा फूट जाड करावी लागली. मला ही इमारत दैत्यसूदनाची दूरची नातलग वाटते. दैत्यसूदनाच्या मंदिरातही भार भिंतीच वाहतात, दगडावर दगड आपल्या वजनानेच बसतो, आणि जितकं वर जायचं तितका पाया आधी रुंद घालावा लागतो. होम इन्शुरन्स 1931 साली पाडली. मोनाडनॉक अजून वापरात आहे.

लोककथा सांगते की लवणासुर जमिनीखाली दडला होता. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या विवराचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं; तोच हा दैत्यसूदन. ते झाकण दूर जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली म्हणे. एवढा प्रचंड खड्डा रोज डोळ्यांसमोर असताना इथल्या माणसांनी त्या देवासाठी वर चढणारं घर योजलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मंदिरशिल्पाच्या परंपरेत शिखराची उंची मनाला येईल तशी ठरत नसे. ती खालच्या रुंदीच्या प्रमाणात बांधलेली असे. म्हणजे दैत्यसूदनाच्या शिखराचं गणित जोत्याच्या या कोनांमध्ये अजून शाबूत असणार. मंदिरावर नवा दगड मुळीच चढवू नये. वास्तुशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी मात्र टेप घेऊन यावं, एकेक कोन मोजावा, आणि ते शिखर कागदावर उभं करावं. ते चित्र पाहायला मी लोणारला पुन्हा येईन.