रिकामी जागा

वऱ्हाडात 'कॉन्व्हेंट' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहू नये. कोशात तो संन्यासिनींचा मठ असा सापडेल. आमच्याकडे मात्र जिथे पोराच्या गळ्यात टाय बांधून त्याच्याकडून 'ए फॉर ॲपल' वदवून घेतात ते कॉन्व्हेंट. मग चालवणारे माळकरी का असेनात! साधुसंतांच्या आणि देवीदेवतांच्या नावापुढे 'कॉन्व्हेंट' लिहिलेल्या पाट्या मी अकोल्यापासून अचलपूरपर्यंत पाहिल्या आहेत आणि एकाही संताने अद्याप हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

पण ही गोष्ट खऱ्या कॉन्व्हेंटची, म्हणजे सिस्टरांच्या शाळेची आहे. शाळेचं नाव सांगत नाही. सांगायचं म्हटलं तरी आमच्या जुन्या शहरात तिला नावाने कुणी ओळखत नसे. 'नदीपलीकडचं कॉन्व्हेंट' एवढ्यावर सायकलरिक्षावाला बरोबर नेऊन सोडायचा.

जुनं शहर म्हणजे मोर्णेच्या अलीकडचं अकोलं. १६९७ साली बांधलेला असदगड आमचा, राजराजेश्वराचं देऊळ आमचं, आणि उन्हाळ्यात नदीला येणारा वासही आमचाच. कलेक्टर कचेरी, स्टेशन, सिनेमाची थेटरं आणि इंग्रजी हे सगळं पलीकडे. आमची आई पुलापलीकडे भाजीला निघाली तरी "अकोल्याले जाऊन येतो" म्हणून निघायची, आणि परत आली की हातपाय धुवायची.

१९८४ सालची गोष्ट. आमची बेबी नगरपालिकेच्या मराठी शाळेत चौथीत होती. एका रात्री जेवणं झाल्यावर बायकोने भांडी घासता घासता सांगितलं, "बेबीला पाचवीपासून सिस्टरांच्या शाळेत घालायचं." विचारलं नाही, सांगितलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तिने माझ्याकडे मागितलेल्या वस्तूंची यादी एका पोस्टकार्डावर मावली असती, पत्त्याची बाजू सोडून. त्यामुळे मी घाबरलो.

प्रवेशाचं गणित असं होतं. शाळा भरायची ती खालून, म्हणजे केजीपासून. एकदा मुलगी आत गेली की दहावीलाच बाहेर पडणार. त्यामुळे पाचवीत जागा म्हणजे चालत्या एसटीत खिडकीजवळची जागा. कुणी उतरलं तर! पहिला मान ख्रिस्ती मुलींचा. घटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, तेव्हा त्यात तक्रारीला जागा नाही. त्यानंतर आधीच शिकत असलेल्या मुलींच्या धाकट्या बहिणी. मग बदली होऊन गावात आलेल्या साहेबलोकांच्या मुली. आणि सगळ्यात शेवटी आपण, सायकलला कुलूप लावून उभे.

अर्ज विकत घ्यायला मार्चमध्ये पहाटे पाचला गेलो तर माझा नंबर सव्विसावा. रांगेतल्या पहिल्या माणसाने सतरंजी आणली होती. खिडकीतल्या क्लार्कने अर्ज देताना म्हटलं, "घेऊन जा, पण पाचवीत जागा एकही नाही. कोणाची बदली झाली तर पाहू."

त्या दिवसापासून मी अकोला शहरातल्या बदल्यांचा अभ्यासक झालो. बँकेचे मॅनेजर, रेल्वेचे साहेब, डॉक्टर, मुन्सफ, यांना मुली किती, कितवीत, आणि अकोल्यात तीन वर्षं कधी पुरी होतात, हे मला तोंडपाठ झालं. या कामी जुन्या शहराने मला जी साथ दिली तिला तोड नाही. आमच्या गल्लीतला धोबी साहेबांच्या बंगल्यांवर जायचा. तो खबर आणी, "भाऊ, बँकवाल्याच्या घरी परदे उतरवून रायले." मी हर्षभराने चौकशीला जावं तर पडदे धुवायला काढलेले! दूधवाला म्हणे, "त्या डॉक्टरीणबाईनं पुढच्या महिन्यापासून एक लिटर कमी सांगतलं." एक लिटर म्हणजे किमान दोन मुली, असा हिशेब करून मी राजेश्वराला नारळ बोललो. डॉक्टरीणबाईंची सासू गावी गेली होती.

दुसऱ्याचं बिऱ्हाड हलावं म्हणून देवाला नारळ बोलणारा मी पहिला नसेन. पण तेव्हा त्यात मला काही वावगंही वाटलं नाही, हे लिहून ठेवतो.

दुसरं संकट परीक्षेचं. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून ते आलं २००० साली. आणि कॉन्व्हेंटची पाचवीची प्रवेशपरीक्षा इंग्रजीतून. म्हणजे पाण्यात पडण्यापूर्वी पोहून दाखवायचं. वाड्यातल्या निवृत्त मास्तरांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला काढली आणि बेबीची शिकवणी धरली. मास्तरांचा सगळा भर शब्दयोगी अव्ययांवर. इन, ऑन, अंडर. दोन महिने आमच्या घरात मांजर चटईवर बसलेलं होतं, मग खुर्चीखाली बसलं, शेवटी पेटीत बसलं. आई जात्याजवळून म्हणायची, "अवं, त्या मांजरीले उठू द्या ना बापा आता!" आईची खरी चिंता वेगळी होती. "पोट्टीले किरिस्ताव तं नाई करतीन? केस तं नाई कापतीन?" बायकोने शांतपणे उत्तर दिलं, "केस कापले तर उवांचं काम वाचेल." धर्माचा मुद्दा तिथेच मिटला.

परीक्षा एप्रिलच्या शेवटी झाली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईबापांसह मुलाखतीला बोलावणं आलं. अकोल्याचा मे म्हणजे पंचेचाळीस डिग्री. मी लग्नातला कोट घातला होता. त्या कोटात मी जो घाम गाळला तेवढा सरकारी नोकरीच्या सबंध काळात गाळला नाही.

मुख्याध्यापिका सिस्टर केरळच्या होत्या. मी दोन वाक्यं इंग्रजीत पाठ करून गेलो होतो. ती मी म्हणण्यापूर्वीच बाईंनी स्वच्छ मराठीत "बसा" म्हटलं आणि माझी तयारी वाया गेली. "व्हॉट इज युवर नेम?" त्यांनी मुलीला विचारलं. "बेबी," मुलगी म्हणाली. "युवर गुड नेम?" "गुड बेबी."

सिस्टर हसल्या आणि त्यांनी बेबीचा पेपर माझ्यापुढे सरकवला. 'आपल्या वडिलांबद्दल पाच वाक्यं लिहा.' बेबीने लिहिलं होतं: माय फादर इज अ क्लार्क. ही हॅज अ टेबल. ही हॅज मेनी फाइल्स. ही सिट्स ऑन द फाइल्स. द कॅट इज अंडर द टेबल.

माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं माझ्या गोपनीय अहवालातही कुणी लिहिलं नव्हतं.

मग सिस्टरांनी माझ्या बायकोला विचारलं, "तुमचं शिक्षण?"

"सातवी."

"पुढे का नाही?"

"आठवीची शाळा गावात नव्हती. मुलींना गाडीने पाठवत नव्हते. पुस्तकं घेतली होती." थोडं थांबून ती म्हणाली, "कव्हरंही घातली होती."

बारा वर्षांत ही कव्हरं मला ठाऊक नव्हती. तिने ती मला कधी सांगितली नाहीत आणि एका परक्या बाईला अर्ध्या मिनिटात सांगितली. सिस्टरांनी चष्मा काढून पुसला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे. पण जागा नाही. वेटिंग लिस्टवर पहिलं नाव तिचं ठेवते. शाळा २६ जूनला उघडते. तोपर्यंत कुणी गेलं तर."

कुणी गेलं तर! १८०३ साली वेलस्लीने २९ नोव्हेंबरला आमच्या अडगावची लढाई मारली आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. सोळा दिवसांत! मी तीन महिने नुसत्या एका बाकाला वेढा घालून बसलो होतो.

आणि मे संपता संपता किल्ल्याचा दरवाजा आतून उघडला. तो माझ्याच टेबलावर.

मी आस्थापना शाखेत होतो. कुठलं ऑफिस ते सोडा. आमच्याकडच्या एका ओव्हरसियरची रिसोडला बदली झाली होती. वाशीम, रिसोड हे सगळं तेव्हा अकोला जिल्ह्यातच; वाशीम जिल्हा वेगळा झाला १९९८ साली. ओव्हरसियरने अर्ज केला होता की मुलगी कॉन्व्हेंटला चौथी पास होऊन पाचवीत गेली आहे, रिसोडला तशी शाळा नाही, आईचा दम्याचा इलाज इथे चालू आहे, तरी एक वर्ष बदली स्थगित व्हावी. अर्ज रास्त होता. साहेब माणूस मऊ. असे अर्ज समोर गेले की सही करायचा. फक्त तो समोर जायला हवा होता, आणि तो समोर ठेवायचं काम माझं. शुक्रवारी अर्ज आला. शनिवारी दुपारी साहेब पंधरा दिवसांच्या रजेवर निघणार होते.

मी काय केलं म्हणता? काही केलं नाही. आमच्या खात्यात काही न करणं हा गुन्हा नव्हता, ती कार्यपद्धती होती. लाच घेतली असती तर पकडला गेलो असतो, खोटा शेरा मारला असता तर चौकशी लागली असती. मी फक्त ती फाइल 'तातडीचे' या गठ्ठ्यातून उचलून 'नियमित' या गठ्ठ्यात ठेवली. दोन गठ्ठ्यांत अंतर वीतभर. शनिवारी साहेबांच्या केबिनमध्ये तीनदा जाऊन आलो, दोनदा सह्या घ्यायला आणि एकदा पाण्याचा माठ भरलाय का बघायला. साडेबाराला साहेब गेले. सोमवारी मी फाइल बाहेर काढली, तिच्यावर सुवाच्य अक्षरात टिपणी लिहिली आणि रिवाजाप्रमाणे साहेबांच्या रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवली. त्या आठवड्यात ओव्हरसियर कार्यमुक्त झाले.

जाताना ते मला भेटायला आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही ठेवली होती ना भाऊ फाइल, मले शिपायानं सांगतलं. तुमचा काई दोष नाई. आपलं नशीबच खोटं."

मी म्हटलं, "रिसोडची हवा चांगली आहे."

याहून मूर्ख वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेचं कार्ड आलं. प्रवेश फी, टर्म फी, लायब्ररी, आणि पुढे आणखी चार ओळी. बेरीज पाहून मी सायकलचे टायर बदलायचा बेत पुढच्या वर्षावर ढकलला. आईने गल्लीत साखर वाटली. मास्तरांनी मांजर कायमचं उठवलं. मी राजेश्वराला बोललेला नारळ फोडायला गेलो. तो नासका निघाला. देवाचा यात संबंध नसावा, अकोल्याच्या उन्हात नारळ नासतात.

राहिला गणवेश. कापड शाळेने नेमलेल्या दुकानातूनच घ्यायचं, आणि शिंपी म्हणत होता, जुलैशिवाय मिळणार नाही. आणि २४ जूनच्या संध्याकाळी दारात ओव्हरसियरच्या घरची मोलकरीण उभी. बिऱ्हाडाचा ट्रक भरून झाला होता, बाईंनी जाता जाता पिशवी दिली होती. निरोप असा की, तुमच्या मुलीला ॲडमिशन मिळाल्याचं कळलं, आनंद झाला. आमच्या पोरीसाठी मे महिन्यातच दोन जोड शिवून ठेवले होते, आता तिला काय उपयोग? नवेच आहेत, कृपा करून नाही म्हणू नका.

बेबीने तिथल्या तिथे घालून पाहिले. बेतून शिवल्यासारखे बसले. ती घरभर गरगर फिरली, आईने कानशिलावर बोटं मोडली. बायकोने कॉलर उलटी करून पाहिली. आत निळ्या दोऱ्याने, बारीक टाक्यांत, त्या मुलीचं नाव घातलेलं होतं. रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली बसून बायको सुईच्या टोकाने ती अक्षरं उसवत होती. मी झोपल्याचं सोंग घेतलं होतं.

"झोपला का हो?" तिने विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. ती म्हणाली, "यांची बदली थांबली असती तर?" आणि पुढचं अक्षर उसवायला घेतलं.

बेबीचं पुढे उत्तम झालं. दहावी झाली, इंजिनियर झाली, आता पुण्यात असते. परवा अकोल्याला आली होती, तर तिच्याच मुलीच्या प्रवेशाचं चाललेलं. आता सतरंजी लागत नाही, सगळं मोबाईलवर. मला तिने समजावून दिलं की २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्यापासून प्रवेशासाठी मुलांची नि आईबापांची परीक्षा घ्यायची नाही, पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांच्या मुलांना सोडतीने. पण २०१४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, आणि नेमकी तिला हवी असलेली शाळा सिस्टरांची. "म्हणजे पुन्हा वेटिंग लिस्टच," ती म्हणाली. फॉर्म भरता भरता तिने मान वर केली. "बाबा, तेव्हा मला कशी हो मिळाली होती ॲडमिशन? पाचवीत म्हणे जागाच नसायच्या."

"तुझा पेपर चांगला होता," मी म्हटलं. "वेटिंग लिस्टवर पहिलं नाव तुझं होतं."

बायको शेजारी बसून तांदूळ निवडत होती. तिने एक खडा उचलून बाजूला टाकला.

"आणि कोणाची तरी बदली झाली होती," ती म्हणाली, आणि ताट घेऊन आत गेली.