पोलिसांच्या शस्त्रागाराचा जाहीर हिशेब

कॅलिफोर्नियातील सॅन होजे व आसपासच्या शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तेथील नगरजीवनाच्या ज्या गोष्टी उशिरा उमगतात, त्यांत पोलिसांच्या शस्त्रागाराचा जाहीर हिशेब ही एक होय. 2021 साली झालेल्या आणि ‘एबी 481’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्य कायद्यानुसार चिलखती गाड्या, ड्रोन, यंत्रमानव किंवा डोळे दिपवून कान बधिर करणारे हातगोळे अशी लष्करी धाटणीची सामग्री घेण्यापूर्वी शहर पोलिसांना लोकनियुक्त नगर परिषदेची मंजुरी घ्यावी लागते. प्रत्येक वस्तूची संख्या, खर्च, आयुर्मान व हेतू लेखी द्यावा लागतो आणि वार्षिक अहवालानंतर तीस दिवसांच्या आत नागरिकांसमोर उत्तरे द्यावी लागतात. परिषदेच्या जाहीर सभेत व्हिसावर राहणाऱ्यालाही या विषयावर बोलता येते, ही बाब फार मोलाची आहे.

या कायद्यामागे जुना वाद आहे. 28 फेब्रुवारी 1997 रोजी लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात चिलखत घातलेल्या दोन दरोडेखोरांनी स्वयंचलित रायफलींनी गोळीबार केला, तेव्हा पोलिसांची पिस्तुले निष्प्रभ ठरली आणि त्यांना जवळच्या बंदुकांच्या दुकानातून रायफली आणाव्या लागल्या. दुसरीकडे, लष्कराची जादा सामग्री पोलिसांना देणाऱ्या ‘1033’ योजनेतून भूसुरुंगरोधक गाड्या लहान गावांतही पोहोचल्या. 2014 साली मिझुरी राज्यातील फर्ग्युसन येथे पोलिसाच्या गोळीने झालेल्या एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाच्या मृत्यूनंतर निदर्शकांसमोर चिलखती गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा देश हादरला. 2015 मध्ये या योजनेवर घातलेली बंधने 2017 मध्ये उठवली गेली.

भंडारा जिल्ह्यातील एकोडीसारख्या गावातून कॅलिफोर्नियात गेलेल्या माणसाला भूसुरुंगरोधक गाडीची गरज समजावून सांगावी लागत नाही, कारण त्याच्याच विदर्भातील गडचिरोलीत, जांभुळखेड्याजवळ, 1 मे 2019 रोजी नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाने साध्या वाहनातून जाणारे पंधरा जवान व चालक असे सोळा जण मारले. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या एके-47 समोर पोलिसांकडे जुन्या थ्री-नॉट-थ्री बंदुका होत्या आणि गिरगाव चौपाटीवर पोलीस दलातील तुकाराम ओंबळे केवळ लाठीनिशी दहशतवाद्याला सामोरे गेले. अशा जवानाला हलके शस्त्र देणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

परंतु याच विदर्भात, 23 नोव्हेंबर 1994 रोजी, अनुसूचित जमातीच्या सवलती मागत नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर चालून आलेला गोवारी बांधवांचा मोर्चा अडवला गेला, लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत 114 जणांचे प्राण गेले, ज्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. तेथे रणगाडा नव्हता की रायफलींचा मारा नव्हता. अडथळे आणि लाठ्या एवढ्यांनीच तो अनर्थ घडला. म्हणून सामग्रीचे वजन मोजून प्रश्न सुटत नाही. ती कोणासमोर, कोणत्या आज्ञेने उगारायची आणि नंतर जाब कोणी विचारायचा, हे आधी ठरलेले असावे लागते.

नक्षलविरोधी मोहिमांचा तपशील गुप्त राहणे योग्यच आहे. मात्र कॅलिफोर्नियाप्रमाणे महाराष्ट्रातही मोर्चांच्या बंदोबस्तासाठी घेतलेल्या सामग्रीची यादी, तिचा वापर आणि झालेल्या इजा दरवर्षी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातच सभागृहापुढे ठेवल्या गेल्या पाहिजेत आणि त्यावर मोर्चेकऱ्यांचेही म्हणणे ऐकले गेले पाहिजे.