आबाजी, मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका



आई फोनवर सांगत होती, तुम्ही हल्ली चष्म्याशिवाय पोथी वाचता आणि अकोटभर सांगता की डोळे सुधारले. मला मात्र मोतीबिंदूची काळजी लागली. हे पत्र पारावरच्या मंडळींनाही वाचून दाखवा.

डोळ्याच्या बाहुलीमागच्या भिंगात क्रिस्टलिन नावाची प्रथिनं ठासून भरलेली असतात. गाभ्यातली प्रथिनं आपण आईच्या पोटात असतानाच बनतात. तिथल्या पेशींत पुढे केंद्रकच उरत नाही, त्यामुळे नवं प्रथिन बनत नाही. तीच जन्मभर पुरवायची. तुमच्या प्रथिनांनी पाऊणशे वर्षं धुऱ्यावरचं ऊन सोसलं, वर रक्तातली साखर त्यांना चिकटत राहिली. त्यांच्यातल्या गंधकाच्या जागा एकमेकींशी जखडल्या. अल्फा क्रिस्टलिन हे प्रथिन बिघडलेल्यांना सावरून धरतं, पण वयाबरोबर त्याचा साठा सरतो. मग गुठळ्या होतात, प्रकाश विखुरतो, भिंगही पिवळं पडतं. रात्री समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे फुटल्यासारखे पसरतात, आजीचं पांढरं लुगडं पिवळट दिसतं, ते यामुळेच.

आणि ती पोथी! गाभा घट्ट झाला की भिंग प्रकाश जास्त वाकवतं. जवळचं वाचता येतं, लांबचं हातचं जातं. ओसरीवरून फाटकातला माणूस ओळखू येतो का, खरं सांगा.

फाटलेलं दूध पुन्हा दूध होत नाही, तसंच हे. मोतीबिंदू विरघळवणारे म्हणून विकले जाणारे थेंब डोळ्यात घालू नका. ‘पिकू द्या’ हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आता बारीक छेदातून गढूळ भिंग काढून घडीचं भिंग आत सोडतात. पिकलेलं भिंग कडक होतं, फोडायला अवघड. अतिपिकलं तर त्यातली प्रथिनं पाझरून डोळ्याचा दाब वाढतो, नस निकामी होते, आणि गेलेली दृष्टी कुठलीच शस्त्रक्रिया परत आणत नाही. माझा सगळा जीव त्यासाठी तुटतो.

अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात आधी तपासून घेऊ. मी मंगळवारी अमरावतीहून पहिल्या गाडीनं येतो. साखरेचा रिपोर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या आणि आधार कार्ड पिशवीत काढून ठेवा. आजीलाही सोबत घेऊ, तिचेही डोळे दाखवायचे आहेत.

तुमचा नातू