मुंबई महापालिकेची वास्तु

बोरीबंदरास, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसांत उतरणारा प्रवासी स्टेशनाचा घुमट डोळे भरून पाहतो; समोरच्या महापालिकेच्या इमारतीकडे मात्र त्याचें लक्ष क्वचितच जातें. वस्तुतः या दोन्ही वास्तू फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या एकाच स्थपतीच्या कल्पनेंतून निर्माण झाल्या आहेत.

स्थानिक स्वराज्याचा १८८२ चा ठराव ज्यांच्या कारकीर्दींत झाला, त्या लॉर्ड रिपन यांनींच १८८४ सालीं हिची कोनशिला बसविली. काम १८९३ मध्यें पूर्ण झालें. जागा दोन रस्त्यांच्या बेचक्यांतील; परंतु स्टीव्हन्सनें त्या टोंकासच दर्शनी भागाचा मान देऊन वर सुमारें २३५ फूट उंचीचा मनोरा चढविला. गॉथिक कमानींस येथें पौर्वात्य घुमटांची जोड मिळाली आहे. शिरोभागीं पंखधारिणी स्त्रीमूर्ति आहे. ‘हिंदुस्थानांतील आद्य नगरी’ या मुंबईच्या बिरुदाचें ती प्रतीक होय. प्रवेशद्वारासमोर फेरोजशहा मेहतांचा पुतळा १९२३ पासून उभा आहे.

आम्हांस मात्र या सर्वांहून थोर वाटतो तो हिशेब. मंजूर रक्कम ११,८८,९६९ रुपये. प्रत्यक्ष खर्च ११,८८,०८२ रुपये. म्हणजे ८८७ रुपये शिल्लकच राहिले! एकत्र कुटुंबाच्या कर्त्यास परक्याचें द्रव्य सांभाळण्याचें ओझें ठाऊक असतें. मुंबईस जाणाऱ्या वाचकांनीं मुलांस ही वास्तु अवश्य दाखवावी आणि मनोऱ्याच्या उंचीबरोबर हा शिल्लकेचा आंकडाही सांगावा.