विहिरीवरची लहानशी पेटी

शेतीची वीज पाळीनें मिळते, आणि पाळी रात्रीची आली म्हणजे रनाळ्याच्या मळ्यांत पंप सुरू करण्यास कोणीतरी उठून जावें लागतें. अंधारांत पायाखालीं साप येण्याचें भय काल्पनिक नव्हे. म्हणून विहिरीवर मोबाइल स्टार्टर बसवितात. घरून फोन लाविला कीं पंप चालतो. आमच्या मळ्यांतील असा स्टार्टर गेल्या हिंवाळ्यांत जळाला, आणि साठीला आलेले आमचे धाकटे बंधू पुन्हां रात्रीं दोन वाजतां बॅटरी घेऊन निघूं लागले. तेव्हां त्यांच्या चिरंजीवानें नवी पेटी स्वतःच करण्याचें मनावर घेतलें.

आम्हीं जन्मभर धातु चालविले. वीज हा आमचा विषय नव्हे. तथापि त्याची वही आम्हांस व्याकरणाइतकीच काटेकोर वाटली. स्टार्टर दोन फेजांवर चालतो. कागदावर तो दाब ४१५ व्होल्ट. पण शेजारचे पंप बंद पडले कीं तो चढतो, एक फेज गेला कीं कोसळतो. पुतण्यानें १०० पासून ४८० पर्यंतची मर्यादा धरिली. एकदिश केल्यावर त्याचे १४१ व ६७९ व्होल्ट होतात. आंतील यंत्रास मात्र अखंड १२ च हवेत. साधा लोखंडी ट्रान्सफॉर्मर कां नको, असें आम्हीं विचारलें. तो बिचारा प्रमाणानें चालतो. वर पांचपट चढलें तर खालींही जवळजवळ पांचपट चढणार.

म्हणून फ्लायबॅक. जुन्या दूरचित्रवाणी संचांत किरणशलाका पडद्याची एक ओळ रेखून झटक्यानें मागें परते. त्या परतीवरून हें नांव पडलें. ह्या पद्धतींत आदान व विसर्ग एकाच वेळीं होत नाहींत. स्विच मिटला असतां पहिल्या वेटोळ्यांत प्रवाह वाढतो व शक्ति गाभ्यांतील बारीक फटींत सांठते. स्विच उघडला कीं ती दुसऱ्या वेटोळ्यांतून बाहेर पडते. दाब कमी असेल तर स्विच अधिक वेळ मिटलेला ठेवावयाचा, जास्त असेल तर क्षणभरच. हें सेकंदास हजारों वेळां चालतें.

खरी अडचण वरच्या टोकाला आहे. स्विच उघडतांना त्यावर ६७९ व्होल्ट तर पडतातच. शिवाय दुसऱ्या बाजूचा परावर्तित दाब आणि गळतीचा क्षणिक उसळा. म्हणून त्यानें १७०० व्होल्ट सोसणारा सिलिकॉन कार्बाइडचा स्विच घेतला. महाग आहे, पण आमच्या मतें येथें काटकसर हा शहाणपणा नव्हे. साठवणीसाठीं ४५० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकामागें एक जोडले, आणि दाब दोघांत सारखा वांटला जावा म्हणून प्रत्येकावर समान प्रतिरोधक.

जळक्या पेटींत आरंभींचा प्रवाह देणारा प्रतिरोधक कोळसा झालेला होता. दाब ४.८ पट झाला कीं त्यांतील उष्णता २३ पट होते, हा वर्गाचा नियम आम्हीं शाळेंत शिकविला आहे! पुतण्यानें त्याच्या जागीं चार लहान प्रतिरोधक ओळीनें घातले, आणि पेटी चालूं लागतांच ती वाट बंद करणारा एक ट्रान्झिस्टर.

मळ्यांत नेण्यापूर्वीं पेटी सध्यां पडवींत चालविली जात आहे. वीज तोडल्यावरही कपॅसिटरांत कांहीं काळ दाब राहतो, म्हणून वहिनींनीं मुलांना तिकडे फिरकूं दिलेलें नाहीं. वळवाच्या विजांचा बंदोबस्त अजून करावयाचा आहे. आणि बंधूंनीं बॅटरीचे सेल कालच नवे आणले.